अन्नाची महागाई आणि तिच्या आधीची स्वस्ताई

वसंत ऋतूत लोकांना एकत्र जमवून व्याख्याने योजण्याचा प्रघात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडला. त्या काळी ज्या वाशी-नेरुळ परिसरात भातखाचरे आणि मिठागरे होती, तेथेही आज तो प्रघात चालू आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्याच १८७५ सालाची दुसरी एक आठवण आजच्या विषयाला अधिक जवळची आहे. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, कर्जरोखे आणि खतपत्रे बाहेर काढली व जाळून टाकली. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोचले. इतिहासात या प्रकाराला दख्खनचे दंगे असे म्हणतात.

हे दंगे कशामुळे झाले, असे विचारले तर सावकारांच्या जुलमामुळे, असे उत्तर सामान्यतः मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाबरोबर धान्याचेही भाव चढले. शेतकऱ्याची पत वाढली, सावकार मागेल तितके कर्ज देऊ लागला आणि सरकारनेही याच चढत्या भावांच्या भरवशावर जमीनमहसुलाची फेरआकारणी हाती घेतली. पुढे युद्ध संपले, तेजी ओसरली आणि भाव उतरत गेले. कर्ज मात्र उतरले नाही व सारा तर वाढूनच बसला. महागाईच्या वर्षांत ठरलेली देणी स्वस्ताईच्या वर्षांत फेडण्याची पाळी शेतकऱ्यावर आली. सुप्याची आग पेटली ती भाव चढल्यामुळे नव्हे, भाव पडल्यामुळे.

आम्ही हा दाखला आरंभीच देतो, याचे कारण असे की अन्नाच्या महागाईचा विचार करताना आपण नागरिक मंडळी नेहमी अर्धीच गोष्ट पाहतो. भाव चढला की आपल्याला जाग येते. तो पडला की आपण समाधानाने झोपी जातो. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला असता मात्र असे दिसते की, पुष्कळ महागायांचे बी आदल्या स्वस्ताईत पेरले गेलेले असते आणि ते बी पेरले जात असताना त्याकडे कोणाचेही लक्ष नसते. पाऊस, पैसा, व्यापारी आणि सरकार ही महागाईची चार कारणे लोक सांगतात. ती चारही खरी आहेत. पण ती कधी एकत्र येतात आणि कोणत्या क्रमाने येतात, हे पाहिल्यावाचून त्यांपैकी कोणाला किती दोष द्यावा हे ठरत नाही.

पाऊस आणि आगगाडी

सुप्याच्या दंग्यानंतर एकाच वर्षाने, १८७६ साली, पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनच्या इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक होय. पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून महागाई, हा हिशेब सरळ वाटतो. पण या दुष्काळात एक नवी गोष्ट लोकांच्या प्रत्ययास आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली होती, १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट तिने ओलांडला होता. त्यामुळे सोलापुरासारख्या ठिकाणी दुष्काळातही बाहेरचे धान्य येऊन पडत होते. बाजारात धान्य होते; ते विकत घेण्याइतका पैसा मजुराच्या कनवटीस नव्हता.

आगगाडी येण्यापूर्वी एका तालुक्यात धान्य सडत आहे आणि शेजारच्या तालुक्यात माणसे उपाशी आहेत, असे घडू शकत असे. आगगाडीने हा अंतराय दूर केला, यात शंका नाही. पण तिने आणखी एक गोष्ट केली. भाव हा त्या त्या गावापुरता राहिला नाही. जेथे भाव अधिक तेथे धान्य धावू लागले आणि अधिक भाव कधी मुंबईत असे, तर कधी लंडनमध्ये. या दुष्काळाच्या काळातही देशातून धान्याची निर्यात थांबली नव्हती. सरकारचे धोरण खुल्या व्यापाराचे होते. बाजारात हात घालावयाचा नाही, असा त्याचा निश्चय होता. उलट, दुष्काळी कामांवर येणाऱ्या मजुरांना किती कमी देऊन भागेल याचा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला. माणशी रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा असा तो हिशेब होता. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या मजुरीच्या निषेधार्थ कामे सोडली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी गावोगावची दुष्काळाची हकीगत गोळा करून सरकारपुढे ठेवली. अन्नाच्या भावाचा प्रश्न हा राज्यकर्त्यांना जाब विचारण्याचा प्रश्न आहे, ही जाणीव महाराष्ट्रात तेव्हापासून रुजली.

तेव्हा पहिला धडा असा घ्यावयाचा की, अन्नाची टंचाई आणि अन्नाची महागाई या एकच गोष्टी नव्हेत. टंचाई शेतात होते. महागाई बाजारात होते. आणि महागाईचा चटका किती बसावयाचा हे भावापेक्षाही हातातील मजुरीवर ठरते.

पैशाची महागाई

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कांदा महागला पण ज्वारी, तेल, कापड पूर्वीच्याच भावात मिळत आहे, ही एक अवस्था. आणि सगळ्याच जिनसा मिळून चढू लागल्या ही दुसरी. पहिल्या अवस्थेचे कारण त्या जिनसेतच शोधावे लागते. दुसरीचे कारण बहुधा पैशात असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा दुष्काळ नसतानाही हिंदुस्थानात भाव वर्षानुवर्षे हळूहळू चढत होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्या वेळी सरकारने पाडलेल्या रुपयांच्या अतोनात नाण्यांकडे बोट दाखविले होते. सरकारने के. एल. दत्त यांच्याकडे या भाववाढीची चौकशी सोपविली आणि त्यांचा अहवाल १९१४ साली बाहेर आला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि या संथ भाववाढीची जागा वेगवान महागाईने घेतली. मुंबईच्या गिरणी कामगारांचे जे मोठे संप त्यानंतर झाले, त्यांच्या मुळाशी ही धान्याची महागाई होती. १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कचेरी काढली व कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक दरमहा प्रसिद्ध होऊ लागला. आज ज्याला महागाई भत्ता म्हणतात, त्याचा हिशेब अशा निर्देशांकावरूनच होतो.

पैशाच्या महागाईचे सर्वांत ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धाचे. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात युद्धासाठी अफाट खरेदी केली; तिची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत गेली आणि तिच्या आधारे येथे नोटा छापल्या गेल्या. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या आणि घाऊक भाव अडीचपटींच्या आसपास गेले. माल तेवढाच किंवा कमी, आणि त्यामागे धावणारा पैसा कैकपट. १९४३ साली बंगालमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात वीस ते तीस लाख माणसे मेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्य मागील काही वर्षांच्या मानाने फारसे कमी नव्हते. युद्धाच्या खर्चाने कलकत्त्यातील लोकांच्या हाती पैसा आला, भाव भडकले आणि ज्यांची मजुरी जागच्या जागी राहिली ते भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर अन्नावाचून मेले.

मुंबईत त्याच वर्षी काय झाले हे बंगालशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. देशातील मोठ्या शहरांत हा पहिलाच प्रयोग. ए. डी. गोरवाला या सनदी अधिकाऱ्याने त्याची उभारणी केली. घरटी शिधापत्रिका, ठरलेले दुकान, ठरलेला भाव. धान्य बेताचे होते, त्याच्या प्रतीबद्दल तक्रारीही होत्या, पण मुंबईच्या रस्त्यांवर कलकत्त्यासारखी प्रेते पडली नाहीत. भाव रोखण्याचे सामर्थ्य सरकारात नसते असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

नियंत्रण उठले, दोनदा उठले

स्वातंत्र्य मिळाल्यावर नियंत्रणे ठेवावीत की उठवावीत, यावर देशात मोठा वाद झाला. महात्मा गांधी नियंत्रणांच्या विरुद्ध होते. नियंत्रणाने लाचलुचपत आणि काळाबाजार पोसला जातो, असे त्यांचे मत होते. डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे उठू लागली. पुढील सात-आठ महिन्यांत घाऊक भाव चतुर्थांशाहून अधिक चढले आणि १९४८ च्या उत्तरार्धात सरकारला नियंत्रणे पुन्हा आणावी लागली.

हाच प्रयोग १९५२ साली अन्नमंत्री झालेल्या रफी अहमद किडवई यांनी पुन्हा केला. १९५४ पर्यंत त्यांनी धान्यावरील बंधने टप्प्याटप्प्याने काढून टाकली, आणि या वेळी भाव चढण्याऐवजी उतरले. एकच धोरण एकदा फसले व एकदा यशस्वी झाले. कारण उघड आहे. १९४७ साली कोठार रिकामे होते. १९५३-५४ साली पीक उत्तम आले होते आणि सरकारजवळ साठा होता.

परंतु या यशाच्या पोटात जे घडले त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे जात नाही. १९५४-५५ मध्ये धान्याचे भाव इतके कोसळले की शेतकऱ्याला आधार कसा द्यावा ही चिंता सरकारला पडली. ती चिंता फार दिवस टिकली नाही. १९५६ पासून भाव पुन्हा चढू लागले. १९५७ साली अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सांगितले की, सुगीत खरेदी करणारी, टंचाईत विक्री करणारी आणि अशा रीतीने भावाला दोन्ही बाजूंनी आवर घालणारी कायमची यंत्रणा देशाला हवी. सूचना मोलाची होती. पण अमेरिकेशी १९५६ साली झालेल्या करारान्वये तेथील गहू रुपयांत मिळू लागला होता आणि घरच्या साठ्याची निकड कोणाला भासत नव्हती. भारतीय अन्न महामंडळ आणि कृषि मूल्य आयोग स्थापन झाले ते १९६५ साली. म्हणजे सूचना आल्यानंतर आठ वर्षांनी, आणि तेही १९६४ च्या महागाईने सरकारला हलवून जागे केल्यावर.

१९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला. १९६४-६५ साली सुमारे ८.९ कोटी टन असलेले धान्योत्पादन पुढल्या वर्षी ७.२ कोटी टनांवर आले आणि १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. स्वस्ताईच्या वर्षांत जे कोठार बांधले नाही, त्याची किंमत ही अशी द्यावी लागली.

लाटणे रस्त्यावर येते

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातील जुन्या माणसांना वेगळा सांगावा लागत नाही. रेशनवरील लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी हे शब्द अजून त्यांच्या बोलण्यात येतात. त्याच सुमारास रशियाने जगाच्या बाजारात धान्याची प्रचंड खरेदी केली आणि १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव भडकले. घरचा दुष्काळ आणि बाहेरची महागाई एकाच वेळी कोसळली. १९७३-७४ आणि १९७४-७५ या दोन्ही वर्षांत घाऊक भाव दरसाल वीस टक्क्यांच्या वर चढले.

मुंबईत १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या आणि हाती लाटणे व थाळी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. महागाईचा पहिला हिशेब स्वयंपाकघरात मांडला जातो, आणि तो मांडणारीला सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, हे या मोर्चांनी दाखवून दिले. सरकारने या काळात दोन उपाय केले. एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. तो उपाय टंचाईच्या ऐन भरात केला गेला, गहू बाजारातून नाहीसा झाला आणि वर्षभरात तो सोडून द्यावा लागला. दुसरा उपाय आपल्या महाराष्ट्राचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना दुष्काळातच सुरू झाली, पण दुष्काळाबरोबर संपली नाही. १९७७ साली तिचा कायदा झाला. १८७७ साली सोलापूरच्या मजुराच्या कनवटीस जो पैसा नव्हता तो त्याला हक्काने मिळावा, अशी ही शंभर वर्षांनंतरची तरतूद होती. पहिला उपाय भाव दडपण्याचा होता, दुसरा भावाला तोंड देण्याचे बळ देणारा. कोणता टिकला हे सांगावयास नको.

तुर्भ्याचा बाजार

आता आपण आपल्या दाराशी येऊ. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविण्याचे काम सुरू झाले. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावयाची तर मुंबईचा घाऊक बाजारही न्यावा लागेल, हे उघड होते. मशीद बंदरचा धान्य, मसाला आणि कांदा-बटाट्याचा व्यापार, भायखळ्याची भाजी, क्रॉफर्ड मार्केटची फळे, हा सारा पसारा दाटीच्या गल्ल्यांत कोंडला होता. १९६३ च्या राज्याच्या कायद्याखाली १९७७ साली मुंबई कृषि उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कांदा-बटाटा, नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात मसाला व धान्य आणि १९९६ साली भाजीपाला व फळे, अशा रीतीने पाच बाजार वाशीजवळ तुर्भ्याला आले.

या बाजार समित्या का निघाल्या, हे आज विस्मरणात गेले आहे. पूर्वी पुष्कळ बाजारांत हत्ता पद्धत होती. रुमालाखाली बोटे दाबून अडत्या आणि खरीददार भाव ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे पाही. वजनात मार, धर्मादायाच्या नावाने कपात, नमुन्याच्या नावाने मूठमूठ माल. उघडा लिलाव, खरे वजन आणि रोख चुकारा यांसाठी हा कायदा झाला. त्याच बाजारातील ओझी वाहणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. पुढे याच समित्यांत मोजक्या गाळेधारकांची मक्तेदारी झाल्याची तक्रार वाढली आणि जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनातून मुक्त करून अडत शेतकऱ्याऐवजी खरीददाराकडून घ्यावी असे ठरविले. त्यानंतरही वाशीत घाऊक भाव आणि दाराशी येणाऱ्या भाजीवाल्याचा भाव यांत अंतर राहिलेच. त्या अंतराला केवळ लूट म्हणून चालणार नाही. लॉरीचे भाडे, हमाली, तोलाई, वाराई, दोन-तीन हातांचा नफा आणि ऊन-पावसात नासणारा माल, एवढे सगळे त्यात भरलेले असते. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहक कांद्याला जो रुपया मोजतो त्यातील ३६ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. टोमॅटोच्या रुपयातील ३३.

कांद्याच्या दोन जोड्या

आता कांद्याचेच उदाहरण घेऊन आम्ही आमचा मुद्दा पुरा करतो. रब्बीचा कांदा मार्च ते मे या काळात निघतो. वर्षाच्या पिकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग तोच असतो. शेतकरी तो चाळीत भरतो आणि देश ऑक्टोबरपर्यंत त्यावर राहतो. पुढे खरिपाचा नवा कांदा येईपर्यंतचे आठवडे कठीण असतात. चाळीतील कांदा कुजत, कोंब धरीत आलेला असतो आणि नवा कांदा पावसाच्या तडाख्यात सापडू शकतो.

नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते संतापाने मनिऑर्डर करून पंतप्रधानांकडे पाठवून दिले. त्या बातमीने शहरांत क्षणभर हळहळ झाली. तो पडलेला भाव आणि त्या वर्षीची पाण्याची टंचाई यांनी पुढच्या लागवडीचा हात आखडला. त्यात २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला आणि तुर्कस्तान व इजिप्त येथून तो आणावा लागला. दोन बातम्यांत अंतर सुमारे एका वर्षाचे.

दुसरी जोडी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्याच्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा सगळा खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने चढत्या भावाच्या भीतीने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. डिसेंबरात निर्यात बंदच केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, सप्टेंबरात शुल्क निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढून टाकले. फेब्रुवारीत दोन रुपये मिळाले तेव्हा सरकारचा हात ज्या चपळाईने हलला नाही, त्या चपळाईने तो ऑगस्टात हलला. १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत कांद्याने सरकार पाडले, ही आठवण राज्यकर्त्यांच्या मनातून जात नाही, हे त्याचे कारण असावे.

कांद्याचीच ही रीत आहे असे नव्हे. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. तो भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला आणि २०१६-१७ साली देशातील तुरीचे पीक जवळजवळ दुप्पट झाले. भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला आणि विदर्भ-मराठवाड्यात खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या व ट्रॅक्टर यांच्या रांगा लागल्या. अर्थशास्त्रज्ञ या फेऱ्याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. गेल्या वर्षीच्या भावाकडे पाहून यंदाची पेरणी होते, आणि यंदाच्या पेरणीवर पुढचा भाव ठरतो. माणूस मात्र धाग्यावरून गोल फिरत राहतो.

दोष किती आणि कोणाचा

येथे कोणी विचारील की, मग व्यापारी निर्दोष का? नाही. साठेबाजी होते, संगनमत होते, आणि थोड्या बड्या व्यापाऱ्यांच्या हाती बाजार एकवटला की ते होणे सोपे जाते. पण व्यापारी टंचाई निर्माण करीत नाही. आलेल्या टंचाईवर स्वार होतो. मुबलकता असताना साठा करणारा स्वतःच बुडतो. तेव्हा धाड घालून गोदामे उघडणे हा उपाय करावाच, पण त्याने रोग बरा झाला असे मानू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतकऱ्याला चांगला भाव द्यावयाचा म्हणजे ग्राहकाने महाग खावयाचे, हे दोन्ही एकदम कसे साधणार? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. हमीभाव वाढला की गहू-तांदळाचा बाजारभावही थोडाफार वर सरकतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण बार्शीचे दोन रुपये आणि वाशीतील शंभर रुपये या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. ग्राहकाला बेताचा, स्थिर भाव परवडतो; त्याला मारतो तो एकाएकी चढणारा भाव. शेतकऱ्यालाही जुगारातला भाव नको, खर्च भागून चार पैसे उरतील असा भाव हवा. दोघांचे हित भावाच्या स्थैर्यात आहे, आणि ते स्थैर्य स्वस्ताईच्या महिन्यांतच विकत घेता येते.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. भाव स्थिर राखण्यासाठी केंद्राने निधी उभारला आणि कांद्याचा राखीव साठा वाढवीत २०२३ साली पाच लाख टनांच्या पलीकडे नेला. परंतु देशाचा महिन्याचा खप पंधरा लाख टनांहून अधिक असल्यामुळे पाच लाख टन म्हणजे दहा दिवसांचा कांदा. शिवाय कांदा हे गव्हासारखे कोठारात राहणारे धान्य नव्हे. यास्तव चांगल्या चाळी, शीतगृहे, सुकविण्याचे कारखाने आणि निर्यातीचे वर्षानुवर्षे न बदलणारे नियम, यांची जोड खरेदीला मिळाली पाहिजे. रोज बदलणारा नियम हा शेतकऱ्याच्या दृष्टीने अवकाळी पावसाहून वेगळा नसतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील अन्नपदार्थांची महागाई आदल्या वर्षाच्या मानाने जवळजवळ अकरा टक्के होती. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तोच आकडा शून्याच्या खाली पाच टक्क्यांवर गेला. पहिला आकडा आला तेव्हा वर्तमानपत्रांत रकाने भरले. दुसरा आला तेव्हा ग्राहकांनी सुखाचा सुस्कारा टाकला आणि नाशकाचा कांदा उत्पादक कपाळाला हात लावून बसला. १८६५ नंतरच्या, १९५४ नंतरच्या, २०१८ नंतरच्या वर्षांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्या आकड्याचीच अधिक काळजी करावी.

आपण ज्या नगरात राहतो त्याच्याकडे या बाबतीत एक विशेष सोय आहे. घाट उतरून रात्री येणाऱ्या लॉऱ्या, पहाटे उघडणारे गाळे, माथाड्यांची पाठ आणि आपल्या दारातील हातगाडी, हे सारे आपल्या नगराच्या सीमेतच आहे. भाव का चढला आणि का पडला हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. येथील नागरिकांनी, ग्राहकांच्या मंडळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी महागाईच्या महिन्यात निषेधाची पत्रके जरूर काढावीत. पण कांदा आठ-दहा रुपयांवर येतो त्या महिन्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांकडून थेट माल घेण्याची व्यवस्था करावी, आणि सरकारची खरेदी केंद्रे उघडली की नाही हाही प्रश्न विचारावा. १९७२ साली लाटणे घेऊन निघालेल्या स्त्रियांनी महागाईला तोंड फोडले. स्वस्ताईच्या काळात शेतकऱ्याच्या वतीने निघणारा शहरी मोर्चा मात्र महाराष्ट्राने फारसा पाहिलेला नाही. तो निघेल त्या वर्षी पुढल्या महागाईची धार थोडी तरी बोथट होईल, असे आम्हांस वाटते.